आधी चित्र, मग टीव्ही

संध्याकाळी मालिकेचं संगीत वाजलं की विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतली सगळी तोंडं टीव्हीकडे वळायची. फक्त ड्रायव्हरमामा उठायचे, खुर्ची उलटी फिरवायचे आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचे. मांडीवर वही, हातात बॉलपेन. समोर दिसेल ते काढायचं. तांब्या, चपला, मामी.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले. गल्लीत केबल नवीनच आली होती. मामांनी हौसेनं रंगीत टीव्ही घेतला आणि सहा महिने त्याच्यासमोरून हलले नाहीत. मग एक दिवस आपणहून उठले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "तीस वर्सं काचंतनंच बघितलं सगळं. गाव आलं, गाव गेलं. आता घरात बसून परत काचंतच बघू व्हय?" तेव्हापासून रोज एक चित्र. ताप असो, पाहुणे असोत, एक म्हणजे एक.

चित्रं चांगली असायची असं मी म्हणणार नाही. खाडाखोड त्यांना चालायची नाही. रेघ चुकली की तिथूनच पुढे वळवायची. त्यामुळे तांब्याला कधी सोंड फुटायची, तर मांजर बाकड्यासारखं दिसायचं. मामीचं नाक एकदा पार हनुवटीपर्यंत उतरलं. मामींनी टीव्हीवरची नजर न काढता कळवलं की नाक वर गेल्याशिवाय चहा मिळणार नाही. त्या दिवशी मामांनी दोन चित्रं काढली.

मी आटपाडीकडच्या माळावरची. वडील, आमचे आप्पा, मेंढरं राखायचे. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण कॉलेजसाठी मामांकडे आले आणि पुस्तकांपेक्षा केबललाच जास्त चिकटले, हेही खरंच. मामा रागावले नाहीत. त्यांनी नियम केला, आधी चित्र, मग टीव्ही. मी काढायला बसले की ते माझ्या मागे उभे राहायचे. पहिल्या दिवशी मी एका झटक्यात गोल काढला आणि लाडू म्हणून दाखवला. मामा आत जाऊन बशीत खरा लाडू घेऊन आले. "ह्यात तासगावचं बेदाणं किती हाईत मोज. तुझ्यात एक बी न्हाई. ह्यो लाडू न्हवं बाय, चेंडू हाय." बेदाणे जागच्या जागी बसवेपर्यंत मालिका संपली. ही त्यांची युक्ती मला फार उशिरा कळली.

अर्थात, दुपारी मामा झोपले की मी भरपाई करून घ्यायचे. त्या भरपाईपायी दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले.

गावाकडे फक्त 'नापास' एवढाच शब्द पोचला. चार दिवसांनी आप्पा दारात. चहा घेतला आणि म्हणाले, "कापडं भर." म्हणजे कॉलेज संपलं. मी रडत पिशवी भरली. मामांनी रदबदली केली नाही. घड्याळाकडे बघितलं आणि सहज म्हणाले, "दाजी, पोरीचं आजचं चित्र ऱ्हायलंय. तुमालाच काढू दे. मग न्या खुशाल."

आप्पा भिंतीला टेकून बसले. मी समोर. टीव्हीवरच्या नटांच्या चेहऱ्यावरचे तीळ मला पाठ होते, पण आप्पांच्या भुवईत खोक आहे हे मला तेव्हा कळलं. विचारलं, तर एडक्यानं हाणलं होतं म्हणाले, माझ्या जन्माआधी.  कुणी एकसारखं तोंडाकडे बघत असलं की माणसाला गप्प बसवत नाही.

"मग आता समदं पयल्यापास्नं शिकायचं?" त्यांनी विचारलं.

"काय समदं?"

"नापास झालीस न्हवं. पयलीपास्नं बसवत्यात का पाचवीपास्नं?"

मी पेन खाली ठेवलं. "न्हाई आप्पा. दोनच विषय ऱ्हायल्यात. ऑक्टोबरात तेवढंच परत द्यायचं."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं सुटलं."

आप्पा भिंतीपासून पुढे सरकले. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मी लाजेनं सांगितलं नव्हतं. एवढ्यावरच माझं शिक्षण थांबणार होतं.

"हात चालू ठेव," मामा माझ्या मागून म्हणाले.

चित्र पुरं झालं तेव्हा तीनची आटपाडी गाडी सुटून गेली होती. अख्खं वेळापत्रक पाठ असलेल्या माणसाला तेवढी एक गाडी आठवली नाही. आप्पा मुक्कामाला राहिले आणि सकाळी एकटेच परत गेले. जाताना चित्राची घडी पैरणीच्या खिशात घातली. म्हणाले, "ह्यो मी न्हाई, माझा थोरला भाऊ वाटतोय. पर ऱ्हाऊ दे."

ऑक्टोबरात दोन्ही विषय सुटले. पुढे पदवी झाली आणि पलूसच्या शाळेत नोकरी लागली. तिथं रुजू होऊन दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा मामा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मामींनी माझ्या हातात वही दिली. म्हणाल्या, ह्यांचं एक काढ. मी बसले. त्या घरातलं कडीकुलूपसुद्धा मी काढलं होतं, म्हटलं हे जमेल. कान जमले, मिशी आली, चष्म्याची दोरी आली. पुढे हात चालेना. 

मामींनी वही हळूच काढून घेतली. "कसं येणार गं," त्या म्हणाल्या, "कायम तुझ्या मागंच हुबं ऱ्हायलं ते."