न पिकलेला मोतीबिंदू

रत्नागिरीत मारुती मंदिरापासून हाकेच्या अंतरावर उर्वी आगाशेचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे फ्रेमांची कपाटं आणि आरसे, मागे पडदा सारला की डोळे तपासायची काळोखी खोली. मुंबईहून शिकून आली तेव्हा दारावर तिनं फक्त आपलं नाव आणि पदवी लावली होती. पुढे रस्त्यापलीकडे एक मोठं झगझगीत दुकान उघडलं, त्यांनी 'डोळ्यांची तपासणी मोफत' असा फलक टांगला, आणि गिऱ्हाईक तिकडे वळायला लागल्यावर उर्वीनंही तसाच फलक करून घेतला.

तिथूनच सगळं बिघडलं, असं ती नंतर स्वतःला सांगून बघायची. पण फलकावर खापर फोडताना तिची तिलाच लाज वाटायची. फलकानं कुणाला काही विकलं नव्हतं.

धंद्याची मेख साधी होती. नीट खपून एखाद्याचे डोळे तपासावेत आणि 'तुमचा जुना चष्मा ठीक आहे, नवा नको' असं सांगावं, तर त्या मेहनतीचं काहीच मिळायचं नाही. दुकानाचं भाडं, विजेचं बिल, घरखर्च, सगळं फ्रेम आणि काचांतूनच निघायचं. तरी कितीतरी वर्षं ती तसं सांगत आली होती. पावसाळ्यात दुकान ओस पडायचं तेव्हा मात्र तिची जीभ जड व्हायची.

अशाच एका श्रावणातल्या दुपारी हौसाबाई आली. संगमेश्वरकडच्या एका वाडीतली, सत्तरीला टेकलेली. सोबत नात, संस्कृती, इथंच कॉलेजात शिकणारी. हौसाबाईचा मुलगा रितेश, म्हणजे संस्कृतीचा बाप, मुंबईत कामाला होता. 'आजीला चांगल्यातला चष्मा घे' म्हणून त्यानं पैसे पाठवले होते.

उर्वीनं म्हातारीच्या डोळ्यात उजेड टाकला आणि तिला लगेच कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कितीही भारी काच घातली तरी या बाईला धड दिसणार नव्हतं. 'डॉक्टरांकडे जा, ऑपरेशन करून घ्या' एवढं सांगायचं आणि उठायचं, इतकंच काम होतं.

"काय हाय गो बाय?" हौसाबाईनं विचारलं.

"थोडा मोतीबिंदू आहे, आजी. पण अजून पिकला नाही. पिकला की बघू. तोवर चष्म्यावर भागेल."

मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते. गावोगावच्या शिबिरांत तिनंच हे घसा फोडून सांगितलं होतं. आणि आता तेच जुनं खूळ तिच्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडलं की तिची तीच चपापली. शब्द मागे घेता आले असते. पण संस्कृती तोवर बाहेर जाऊन फ्रेमा न्याहाळत होती. उर्वी तिच्यामागे गेली आणि दुकानातल्या सगळ्यात महागड्या काचा दाखवू लागली. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं, मध्ये रेघसुद्धा दिसायची नाही अशा.

गणपती होऊन गेले आणि हौसाबाई परत आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात वाकडा झालेला चष्मा.

"हात कशानं मोडला, आजी?"

"पाखाडी उतरत व्हते. खाली बगितला की समदा धुरकाट. पायरी कुठं संपली तीच गमली नाय." ती ओशाळून हसली. "माजाच चुकला गो बाय. येवढा भारी चस्मा, पन माज्यासारक्या अडानीला वापराया जमला नाय. रितेसला नको सांगू. त्याचा पैसा फुकट गेला म्हनंल."

बाकावर एक शिक्षिका बसल्या होत्या. हौसाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "ही बाय लय गुनाची. तपासनीचा पैसासुद्धा घेत नाय."

उर्वीनं मान वर केली नाही. ती फ्रेमची दांडी गरम करून सरळ करत राहिली. पायऱ्या उतरताना माणूस खाली बघतो, आणि त्या काचांच्या खालच्या भागातून लांबची पायरी पुसट दिसते, हे तिनं म्हातारीला साधं बजावलंही नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला, वरदला, तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मोतीबिंदू आहे हे सांगितलंस ना? मग खोटं कुठे बोललीस?"

"पिकला नाही म्हणाले, वरद. ते खोटंच होतं."

रविवारी ती एसटीनं हौसाबाईच्या गावाला गेली. म्हातारीला कोण आनंद झाला. नातीकडून चहा करवून घेतला, पडवीत चटई अंथरायला लावली. त्या पाहुणचारात उर्वीला बोलणं आणखीच अवघड झालं. शेवटी तिनं एका दमात सांगून टाकलं.

हौसाबाईनं आपली कपबशी चटईवर ठेवली.

"म्हंजे तुला तवाच ठावा व्हता?"

"हो."

"मंग बोललीस का नाय?"

भाडं, पावसाळा, समोरचं दुकान, एसटीत बसून जुळवलेलं सगळं उर्वीनं बाजूला ठेवलं. "चष्मा विकला गेला नसता म्हणून," ती म्हणाली.

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "चा पी. निवल."

लेकीकडून कळल्यावर रितेशनं फोनवर उर्वीला नाही नाही ते सुनावलं. उर्वीनं निमूट ऐकून घेतलं, चष्म्याचे पैसे परत केले, आणि हात बरा झाल्यावर हौसाबाईला ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांकडे स्वतः नेलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट पार पडली. दवाखान्यात म्हातारी तिच्याशी कामापुरतं बोलली. 'गो बाय' असं काही पुन्हा म्हणाली नाही.

मोफत तपासणीचा फलक उर्वीनं उतरवला. आता ती तपासणीची फी घेते, आणि चष्मा नको असेल तर नको म्हणून सांगते. फी ऐकून पुष्कळजण पायरीवरूनच मागे फिरतात. काही थांबतात. महिना कसाबसा निभतो, आणि वरदच्या पगाराला हात लावावा लागतो तेव्हा ती कुरकुरत नाही.

ऑपरेशननंतर जवळचं बघायला चष्मा लागतो. हौसाबाईनं तो समोरच्या दुकानातून घेतला. उर्वीला ते काचेच्या दारातून दिसलं. म्हातारी नवी पिशवी धरून पायऱ्या उतरली, रस्त्याच्या कडेला थांबली आणि सरळ तिच्याकडे बघू लागली. आता तिला एवढ्या लांबचं स्वच्छ दिसत असणार. उर्वीचा हात अर्धवट वर गेला. म्हातारीनं पदर सारखा केला आणि कुणाचा आधार न घेता ती एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली.

उर्वीनं हात खाली घेतला. आत कुणीतरी नंबराची वाट बघत बसलं होतं.