आईच्या घरापर्यंत किती मीटर

मालवणहून स्कुबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करून आले तेव्हा आमच्या गावात, जळोचीत, कुणालाच त्याचं कौतुक नव्हतं. चुलते तर ओसरीवर बसून हसलेच. "पवायला सर्टिफिकेट लागतंय व्हय गं? आमी तुला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, तवा कुणी कागद दिला का?" "तात्या, तुमच्या विहिरीत बेडकं होती, तितं रंगीत मासे हायत," मी म्हटलं. पण आतून चिडलेच होते.

आई मात्र माझं कार्ड उलटंसुलटं करून बघत बसली. मग म्हणाली, "ह्येच्यावर कुठवर खाली जाता येतंय?"

"अठरा मीटर."

"म्हंजी आमच्या घरापातूर पोचशील?"

आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. उजनी धरणाच्या पाण्यात ते अख्खं गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की कुठली कुठली देवळं वर येतात, पण तिचं घर खोलगटातलं, ते कधीच दिसलं नाही. गाव उठलं तेव्हा ही बाळंतीण, म्हणून सासरच्यांनी जाऊ दिलं नाही. माहेरच्यांनी दारं, तुळया काढून गाड्यांत घातल्या आणि निघाले. "घराचा निरोप घ्यायचा ऱ्हायला," एवढंच ती म्हणायची, तेही भाकरी थापता थापता.

तेव्हापासून ॲडव्हान्स्ड कोर्सचं माझ्या डोक्यात बसलं. त्यात तीस मीटरपर्यंत नेतात. करावा का? एक ओळखीचा म्हणाला, नुसतं नाव मोठं, बाकी चार-पाच डुबक्या जास्त. दुसरी म्हणाली, खोलीची भीती जाते. मला दोघांचंही पुरतं पटेना. शेवटी म्हटलं, जाऊन तर बघू.

आणि पहिल्याच खोल डुबकीत शेण खाल्लं. विहिरीत शिकलेल्या माणसाचा सगळा तोरा दम किती वेळ धरतो यावर असतो. पाठीवर हवेची टाकी, आणि मी बाई दम धरून, हवा वाचवतेय! शिकवणाऱ्यानं हात नाचवून मला जागीच थांबवलं. बोटीवर आल्यावर चांगलंच झापलं. "दम धरून वर आला असतात तर फुप्फुस फाटलं असतं." हे पहिल्या कोर्सातही शिकवलं होतं, मला पाठ होतं. पण खाली गेल्यावर पाठ केलेलं कुठलं आठवायला, विहीरच आठवते.

मग होकायंत्र बघत गढूळ पाण्यात सरळ जायचं शिकले. सरळ कसली, भलतीकडेच निघाले होते. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्याला उजनीचं विचारलं. तो म्हणाला, गाळ, तुटकी जाळी, पडक्या भिंती, शिवाय परवानगी. या कार्डावर तिथं जायचं नाही, आणि एकटीनं तर कधीच नाही.

कोर्सचं चीज झालं का? मला विचाराल तर झालं. नुसत्या पहिल्या कार्डाच्या जोरावर मी उजनीत उडी टाकली असती, माझी मला खात्री आहे.

पण हे आईला सांगायचं कसं? तिला घेऊन इंदापूरच्या बाजूला गेले, एका मासेमाराची होडी ठरवली. समोरच्या टेकडीवरून अंदाज घेत आईच त्याला वाट सांगत होती. मध्येच म्हणाली, "थांब. हितंच."

मी सांगून टाकलं. "आई, मला न्हाय जाता येणार खाली."

"मग येवढं शिकून काय केलंस?"

लागलं मला ते. "अगं, हात पुढं केला तर हात दिसत नाही तिथं. जाळ्यात अडकले तर कोण काढील मला?"

पाण्याकडे बघत तिनं विचारलं, "खाली आवाज येतो का गं कशाचा?"

"आपल्याच श्वासाचा."

"आन् गार आसंल?"

"जेवढं खाली जाऊ तेवढं गार."

तिनं मान हलवली. मग कडेला वाकली. मी घाबरून तिचा पदर धरला. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, सासरी निघताना म्हणतात त्याच आवाजात ती म्हणाली, "येते हं."

हात पदराला पुसला आणि होडीवाल्याला म्हणाली, "चल बाबा."