गळ्यातला ड्रॉवर

तळ न लावलेला ड्रॉवर त्यानं माझ्या डोक्यातून घातला अन् खांद्यावर दाबून बसवला. जनावराला लोढणं अडकवतात तसा.

"नीट बनेपर्यंत काढायचा नाय," छोटा मालक म्हणाला. "बघा रे, पन्नाशीचा घोडा अन् ड्रॉवर उलटा!"

सगळे हसले. त्यातल्या चौघांना पटाशी धरायला मी शिकवलं होतं. ते जास्त हसले.

वाळूजला फर्निचरचा कारखाना. मी तिसरी शिकलेला. पण डबटेल सांधा, पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत बसवायचे तो, मी पंचवीस वर्षं हातानं कापलेला. खिळा नाय, फट नाय. मग दात कापणारं राउटर मशीन आलं. त्याच्यासंगं जिग, म्हणजे लोखंडी फणीसारखा साचा. फळ्या त्यात आवळायच्या अन् फणीच्या दातांतून मशीन फिरवायचं.

माहितीचं पुस्तक इंग्रजीत. मी म्हणलं, "मालक, एवढं वाचून सांगा."

"तुमच्या वस्तीत लई पुस्तकं वाचतात म्हणे आता. तिकडंच विचार."

पुस्तक कपाटात गेलं. कुलूप लागलं.

हातानं कापताना फळीची चांगली बाजू कायम बाहेर, आपल्याकडं. खूण तिच्यावरच. तशीच मी साच्यात लावली. दात बरोबर बसले. पण ड्रॉवर जोडला तर सागवानाची देखणी बाजू आत, ओबडधोबड बाहेर. साच्याला फळी पालथी लागते, हे सांगतो कोण?

ड्रॉवर गळ्यात घेऊनच मशीनवर वाकलो. काठ हनुवटीला लागायचा. भुसा तोंडात. दोन जोड वाया घालवले. तिसऱ्याला सगळं फिरवलं, आतली बाजू माझ्याकडं. पंचवीस वर्षांच्या हाताच्या विरुद्ध. जोडला. सुलटा.

हा नवा ड्रॉवर नेऊन छोट्या मालकाच्या टेबलावर ठेवला. समोर गिऱ्हाईक बसलेलं. तो हळूच म्हणाला, "काढ ते आता."

"तुम्ही घातला. तुम्हीच काढा."

"ए, जास्त बोलू नको."

मी हललो नाय. गिऱ्हाईक माझ्या गळ्याकडं बघत राहिलं. शेवटी तो उठला. माझ्या हातचं पाणी न पिणारा माणूस तोंडाशी तोंड आणून ड्रॉवर उचलू लागला. काढताना काठानं मुद्दाम माझा कान खरवडला. रक्त आलं. मी मान वाकवली नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "आधी माफी माग. मग मशीन."

"माफी कशाची?"

त्यानं माझ्या मशीनची लाइन बंद केली. मी साच्यासमोर उभा राहिलो, सुट्टी होईपर्यंत. बाकीचे जेवले, मी नाय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

घरी बायको म्हणाली, "अहो, म्हणून टाका एकदा. काय जातंय?"

"माझं जातंय."

तिसऱ्या दिवशी आठाच्या भोंग्याला परत साच्यासमोर. मशीन सोडायचं नाय. माफी मागायची नाय. त्याला लई वर्षं झाली; आता म्हातारा झालो, तोंडातले दात पडले. माफी अजून मागितली नाय. मागणार बी नाय.