बाजरीवर बाजरी

गिरणीच्या कट्ट्यावर माझा बाजरीचा डबा सकाळपासून एकटाच बसला होता. बाकी सगळे डबे गव्हाचे. बाजरीवर गहू दळला की पोळ्या काळपट होतात, म्हणून माझ्यामागून आलेले गहू माझ्या डोळ्यांदेखत दळून घरी जात होते. "आणखी एक बाजरी येऊ द्या ताई, मग लावतो," गिरणीवाले काका म्हणाले. संध्याकाळी पुन्हा तेच ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. आज जेवायला भाकरी नक्की, असं सासऱ्यांना सांगून बसले होते मी!

तेवढ्यात एक अनोळखी बाई कमरेवर डबा घेऊन आली. चेहरा माझ्यासारखाच वैतागलेला.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"बाजरी. पलीकडच्या गिरणीवाल्यानं परत पाठवलं. एकटीसाठी लावत नाही म्हणे."

"या, या!" मी इतक्या जोरात म्हणाले, जणू माहेरचं माणूस आलं होतं.

माझी किती कामं अशी अडून बसतात आणि मी नशिबाला बोल लावत राहते. त्याच वेळी तसलाच डबा घेऊन दुसरंही कुणी गावभर वणवण करत असेल, हे मनातसुद्धा येत नाही.

गिरणी घरघरली. आता गव्हाची रांग थांबली होती. आम्ही दोघी भुवयांवर पीठ घेऊन, ताठ मानेनं मध्यभागी उभ्या होतो.

गरम डबा पोटाशी धरून निघताना तिने विचारलं, "पुढच्या रविवारी येताय?"

"येते की," मी म्हटलं. "थांबू दे गव्हाला!"