घरच्यासारखी

मी बसायला वाकली, तेवढ्यात वहिनींनी आपली पर्स उचलून त्या खुर्चीवर ठेवली.

"तू जरा तिकडं थांब ना बेटा," त्या म्हणाल्या. "आजींना भरवायचं झालं की बोलावते."

तिकडं म्हणजे खांबापाशी. टेबलाला आठ खुर्च्या होत्या, बसणारे सात. आजींची चाकाची खुर्ची वेगळी. आजींच्या शेजारची आठवी खुर्ची मी माझी समजली होती, कारण तीन वर्षं मी त्यांना शेजारी बसूनच भरवत आली होती. त्या खुर्चीवरून समोर समुद्र दिसत होता. मी जिथं उभी राहिली तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं.

गोव्यातलं ते हॉटेल अगदी वाळूला लागून होतं. पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे मोठे ग्लास, आणि दाराशीच बर्फावर मांडलेले मासे. दुपारचा एक वाजला असेल. मी सकाळी सहाला चहा घेतला होता.

मी जबलपूरची. महाराजपूरला राहते. बाबा भंडाऱ्याकडून इकडं मजुरीला आले आणि फॅक्टरीत ठेकेदाराकडे लागले. माय आधारतालच्या बाजारात मासे विकायची. आम्ही ढीवर. मी बारावीनंतर रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि एका एजन्सीकडून घरोघरी कामाला जायला लागली. अटेंडंट म्हणतात आम्हाला. म्हाताऱ्या, आजारी माणसांचं उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, औषध.

चेरीतालच्या या घरात मी आजींसाठी आली. त्यांची डावी बाजू लकव्यानं गेली होती, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. घर जुनं, नावाजलेलं. मराठ्यांच्या काळापासून इथं आहोत, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. दादा म्हणजे आजींचा मुलगा. वहिनी त्यांची बायको. पहिल्याच दिवशी मी मराठी बोलली तर वहिनी एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, किती दिवसांनी कोणी आपल्या भाषेतलं मिळालं, या शहरात मराठी बोलणारी बाई कुठं भेटून राहिली आता. मग माझं आडनाव विचारलं. जरा थांबल्या. म्हणाल्या, डब्यात मासे नको आणत जाऊ हं, आमच्याकडे चालत नाही, वास राहतो.

मी हो म्हटलं. तीन वर्षं एकदाही नाही आणले. घरी रविवारी खाल्ले तरी सोमवारी लिंबानं हात घासून जायची. बोटं, नखं, सगळं. कोणी सांगितलं नव्हतं तरी घासायची.

त्या घरानं मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. बेटा म्हणायचे. दिवाळीला साडी द्यायचे. पाहुण्यांना सांगायचे, ही आमच्या घरच्यासारखीच आहे. मला ते आवडायचं. खोटं काहून बोलू, फार आवडायचं. माझं लग्न मोडलेलं, माय-बाबा दोघंही गेलेले. महाराजपूरच्या खोलीत माझी वाट बघणारं कोणी नाही. चेरीतालला दार उघडलं की आजी उजवा हात वर करायच्या. कोणीतरी आपल्याला बघून हात वर करतं, यावर माणूस खूप दिवस काढू शकतो.

दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून गोव्याचं ठरलं. पुण्याहून वहिनींचे भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं येणार होती. आजींना एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून मी. विमानात पहिल्यांदा बसली. समुद्र पहिल्यांदा पाहिला. आजींची खुर्ची वाळूत रुतत होती, मी ढकलून ढकलून दमली, पण पाण्यापर्यंत नेलं त्यांना. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, हे असंच असावं.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेल.

खांबापाशी मी उभी होती तेव्हा वेटर एका मोठ्या थाळीत बर्फावर मासा घेऊन आला. कोणता करायचा ते ग्राहकाला आधी दाखवतात तिथं. घरी मासे चालत नसले तरी बाहेर चालायचे. दादांनी एक भला मोठा मासा पसंत केला. मला समुद्रातल्या माशांची नावं माहीत नाहीत. पण मासा मासाच असतो. त्याचे डोळे आत गेले होते, कल्ले तपकिरी पडले होते. आजींच्या पोटाला तो बाधला असता. म्हणून मी पुढं होऊन म्हटलं, "दादा, हा ताजा नाही. तो बाजूचा घ्या."

वेटरनं माझ्याकडे पाहिलं. मग थाळी घेऊन गेला आणि बाजूचा आणला.

पुण्याच्या वहिनी हसून म्हणाल्या, "हिला बरं कळतं यातलं."

आणि आमच्या वहिनी म्हणाल्या, "कळणारच ना. खानदानी धंदाच आहे यांचा. हिची आई टोपली घेऊन बसायची बाजारात."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत. जेवणाच्या टेबलावर हसतात तसंच हसले. दादा-वहिनींची कॉलेजात जाणारी मुलगी तेवढी मोबाइलमध्ये खाली बघत राहिली. मी परत खांबापाशी गेली.

मी वहिनींना मायबद्दल एकदाच सांगितलं होतं. एका दुपारी, आजी झोपल्यावर, दोघी चहा पीत होतो तेव्हा. माय गेली त्याची गोष्ट सांगत होती. ती त्यांनी जपून ठेवली होती आणि अशी काढली.

त्यांचं जेवण सुरू झालं. एक तास, मग त्याहून जास्त. वेटर येता-जाता मला चुकवून जायचे. एकानं विचारलं, मॅडम, आप इनके साथ हो? मी मान हलवली, पण हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

उभ्या उभ्या मला पाचवीचा वर्ग आठवत राहिला. मॅडमनी मला दुसऱ्या बाकावरून उठवून दारापाशी बसवलं होतं. इकडे हवा येऊ दे जरा, एवढंच म्हणाल्या होत्या. वर्गाला समजलं. त्यानंतर मी मायजवळ झोपायचं सोडलं. आणि एकदा, आठवीत असेन, मैत्रिणींबरोबर बाजारातून जात होती. मायनं मला पाहिलं. टोपलीमागून हाक मारली, "ए बाई, इकडं ये." मैत्रिणीनं विचारलं, कौन है? मी म्हटलं, पता नहीं. आणि पुढं चालत गेली. मायनं परत हाक मारली नाही. घरी आल्यावर तिनं जेवायला वाढलं आणि त्याबद्दल कधी, मरेपर्यंत, एक शब्द काढला नाही.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. वहिनींनाही नाही. आज सांगते आहे.

"ये बेटा," वहिनींनी हाक मारली. "आजींना भरव."

मी गेली. खुर्चीवर पर्स होतीच. मी वाकून, एका गुडघ्यावर टेकून आजींच्या ताटातला मासा सोडवायला लागली. काटा बोटांनाच कळतो, चमच्याला कळत नाही. म्हणून मी हातानंच करत होती. पुण्याच्या वहिनी हळू आवाजात, पण मला ऐकू येईल अशा, म्हणाल्या, "ग्लोव्हज नाही घालत का ही?"

"हात धुतलेस ना गं?" आमच्या वहिनींनी लगेच विचारलं.

याच हातांनी मी तीन वर्षं त्यांच्या सासूचं हगणं-मुतणं काढलं. तेव्हा कोणी विचारलं नाही. त्या वेळी हेच हात चालत होते. मी आजींकडे पाहिलं. आजी तोंड उघडून वाट बघत होत्या. मी घास दिला. सगळा मासा, एक काटा न जाऊ देता, भरवला. तोंड पुसलं. पाणी दिलं. माझं काम मी पूर्ण केलं, हे मला सांगायचं आहे.

मग वहिनींनी वेटरला बोलावलं. सगळ्यांच्या ताटांत जे उरलं होतं, डोकी, शेपट्या, अर्धे खाल्लेले तुकडे, मुलांनी चिवडलेला भात, ते एका डब्यात भरायला सांगितलं. त्यानं भरलं. वहिनींनी तो डबा माझ्यासमोर धरला.

"घे. तुला आवडतात ना. रूमवर जाऊन खा आरामात."

मी हात पुढं केला नाही.

"मी उष्टं खात नाही, वहिनी."

त्यांना आधी समजलंच नाही. मग चेहरा लाल झाला. "उष्टं काय त्यात? आम्ही तुला घरच्यासारखी मानतो."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "घरच्यासारखी नका मानू. कामाला आलेली बाई माना. पण तिला बसायला सांगा, आणि तिच्यासाठी वेगळं ताट मागवा."

आजूबाजूच्या दोन टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. दादांनी रुमालानं तोंड पुसलं. "सीन मत करो यार," ते म्हणाले. "लोग देख रहे हैं."

तीन वर्षांत दादा माझ्याशी पहिल्यांदा हिंदीत बोलले. तेव्हा मला कळलं, ते आपल्या भाषेतलं वगैरे काय होतं. ते कधीही काढून घेता येत होतं.

मी आजींकडे पाहिलं. त्यांना सगळं समजत होतं. बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं समजायचं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डबा टेबलावर तसाच राहिला. मी आजींची खुर्ची फिरवली आणि गाडीकडे ढकलत नेली. रूमवर आल्यावर मी माझ्या पिशवीतली बिस्किटं खाल्ली. पुढचे दोन दिवस माझ्याशी कामाशिवाय कोणी बोललं नाही. जबलपूरला उतरल्यावर दादांनी सांगितलं, कल से मत आना. आजींना उचलून पलंगावर मीच ठेवलं आणि निघाली. त्यांनी हात वर केला की नाही ते मी वळून पाहिलं नाही.

एजन्सी चालवणाऱ्या दीदींनी मला बोलावून समजावलं. इतकी चांगली फॅमिली, माफी माग, विषय संपव. मी नाही म्हटलं. त्यानंतर दीड महिना त्यांनी मला काम दिलं नाही. त्या दीड महिन्यात मी दुपारची खोलीत बसून असायची आणि बरोबर चार वाजता, आजींच्या औषधाच्या वेळेला, उठून उभी राहायची. सवय.

एका दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज मऊ होता. आजी नीट जेवत नाहीत, नवीन बाईला जमत नाही, पाठीला जखम झाली आहे, दारावर नजर लावून असतात. ये ना.

माझं मन धावत गेलं. चप्पल घालून निघावं असं वाटलं. मी म्हटलं, "येते. पण त्या दिवशी जे झालं ते चुकलं, एवढं तुम्ही आणि दादांनी आजींसमोर म्हणा."

मग त्या म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीला काहून धरून बसलीस? म्हातारीचा जीव घेशील तू."

मी फोन ठेवला. गेली नाही. रडली, पण गेली नाही.

संध्याकाळी त्या नवीन बाईचा नंबर मिळवला. शहपुऱ्याची आहे, दोन लेकरांची आई. तिला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, जखम अशी पुसायची, घास उजव्या गालात द्यायचा, डावीकडे अन्न अडकतं. ती सगळं ऐकत गेली. शेवटी मी विचारलं, तू जेवतेस कुठे? ती म्हणाली, "जीने में, दीदी. सीढ़ी पर."

म्हणजे मी नाही गेली तर दुसरी जाते आणि जिन्यात जेवते. माझ्या एकटीच्या नाही म्हणण्यानं त्या घराचं काहीच अडलं नाही. हे मला त्या फोननं शिकवलं.

आता मी एजन्सीच्या एकेका बाईला भेटते आहे. कामाला जाण्याआधी घरच्यांनी कागदावर लिहून द्यायचं, की ही बाई जेवणार कुठं, काय, आणि किती वाजता. लिहून दिलं नाही तर त्या घरी कोणीच जायचं नाही. शहपुऱ्याची बाई हो म्हणाली आहे. बाकीच्या बघू म्हणतात. घाबरतात. मीही घाबरते, आणि आजींची जखम भरली की नाही हे मला माहीत नाही, ते मनातून जात नाही.

रविवारी माझ्या खोलीवर सगळ्यांना बोलावलं आहे. किती येतील सांगता येत नाही. कोणी नाही आलं, तरी सोमवारी अकरा वाजता मी तो कागद घेऊन दीदींच्या ऑफिसात जाणार आहे. खाली माझी सही आहे. एकच असली तरी चालेल. मी ती खोडणार नाही.