वार कुणी गाडायची

बाळ माझ्या हातात जन्मलं. नाळ मी कापली, नाकातोंडातलं मी पुसलं. आणि बाळाच्या आजीनं त्याला माझ्याकडून घेण्याआधी त्याच्यावर लोटाभर पाणी ओतलं. माझा विटाळ धुवायला. थंडीचे दिवस होते. पोर निळं पडेपर्यंत किंचाळलं.

मालगुजाराचं, म्हणजे जुन्या जमीनदाराचं घर. जबलपूरहून बसनं अर्धा दिवस. मालगुजारी कायद्यानं गेली होती, माणसं ओसरीवर तशीच बसली होती. मी तिथली सरकारी नर्स. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतल्या मजुराची मुलगी. शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं, बाँड लिहून. जिथं कुणी नर्स जात नाही अशा खेड्यात पाच वर्षं नोकरी करायची. सोडली तर सगळे पैसे परत. बानं त्या कागदावर छाती काढून सही केली होती.

बाळामागून पडलेली वार मी तपासली. पुरी होती. ट्रेमध्ये ठेवली. बाळाचा बाप, मालगुजाराचा मुलगा, दारातून म्हणाला, "इसे आँगन में गाड़ दे. फिर लत्ते धो देना."

"मैं नर्स हूँ. ये मेरा काम नहीं."

"तेरी जात का तो है. भागेगी कहाँ? सरकार ने पाँच साल के लिए लिख के दिया है तुझे, हमको."

माझी शिष्यवृत्ती त्यांना अशी कळली होती. माझ्या सुईण आजीला वऱ्हाडातल्या गावात मागच्या दारानं बोलवायचे, सुपात शिळं टाकायचे. तिला निदान कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं.

मी पिशवी उचलली. त्यानं वेणी धरली. फरफटत अंगणात नेलं, रक्ताच्या लत्त्यांवर तोंड दाबलं. मानेवर गुडघा.

"धो."

आतून बाळंतीण ओरडत होती, "छोड़ दो दीदी को." कुणी हललं नाही. माझ्या तोंडात तिचं रक्त आणि माझं रक्त. त्याचा अंगठा दातांत आला. मी सोडला नाही. हाड लागेपर्यंत. तो गुरासारखा ओरडला. मग अंगणात पडलेला तोच पितळी लोटा त्याच्या कपाळावर घातला. दोनदा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मालगुजारानं धमकी दिली, नोकरी घालवीन, वसुली काढीन. बातमी पोचली तसा बा धावत आला. सीमेवर लढाई चालू होती, फॅक्टरीत डबल शिफ्ट. तोफगोळ्यांत दारू भरून त्याचे हात पिवळे पडले होते. ते हात तो आधी ओसरीवर जोडून आला, मग माझ्याकडे.

"चल पोरी," तो म्हणाला. "ओव्हरटाइम भेटून राहिला. वसुली मी भरतो. इथं मारतीन तुले."

"तू काहून भरशील, बा? मार तर मी खाल्ला."

"मोठे लोक आहेत ते."

"मी गेली तर दंड मले, अन् गाव त्यायचं?"

मला त्याचाही राग आला. सीमेपलीकडच्या शत्रूसाठी गोळे भरायचे आणि घरच्या शत्रूला जी म्हणायचं.

त्याला खोलीवर बसवून मी ओसरीवर गेले. उभ्यानं सांगितलं. बाँड सरकारशी केलाय, तुमच्या घराशी नाही. पाच वर्षं मी हलणार नाही. अडलेल्या बाईला मी कधीच परत पाठवणार नाही, मालगुजाराची सून असो की गोंडाची पोर. पण जाईन तर पुढच्या दारानं. वार घरच्या पुरुषानं गाडायची, आपल्या हातानं. आणि माझ्या अंगावर पुन्हा जो हात येईल, तो मी मोडीन.