शेराची फांदी

काल नातवानं गच्चीवरच्या कुंडीतली शेराची फांदी मोडली. "डोळ्याला हात लावू नको!" मी ओरडले, आणि त्या पांढऱ्या चिकाच्या उग्र वासानं निजामाच्या राज्यातलं, धारूरजवळचं आमचं घर समोर आलं.

मी आठ वर्षांची होते. नवरा वारल्यामुळं माहेरी परतलेली थोरली अक्का कोपऱ्यात पडून असायची. "ऊठ की गं, कवर पडून राहशील?" माय रोज तिच्यावर करवादायची.

शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून आप्पांनी शेताच्या कुंपणासाठी शेर तोडून सावलीत ठेवला होता. मी घाईनं एक ओली फांदी रोवली आणि ती कुजली. ती हातात घेऊन आप्पा दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "चीक सुकल्याबिगर लावायची नसती. निवांत पडू द्यायची. मंग मुळ्या फुटत्यात."

मला वाटलं, मलाच बोलले. पण त्या दिवसापासून माय अक्काला काही म्हणाली नाही.

थोड्या दिवसांनी अक्का आपणहून शेतात आली. तिनं एक फांदी उचलली, तुटलेल्या टोकावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "आप्पा, चीक सुकलाय. लावू का?"